खांबाखालचा माणूस

सन दोन हजार सोळा. मी त्रेपन्न वर्षांचा. तिवसा भागातल्या लायनीवर तेव्हा माझ्याहून जुना लाईनमन नव्हता आणि माझ्याहून हट्टीही नव्हता, असं माझे सोबती म्हणत. त्यातलं पहिलं मी मान्य करायचो.

मी मूळचा अकोल्याकडचा. चौथी शिकलो. पाचवीत नाव घातलं होतं, पण शाळेनं आणि मी एकमेकांचं तोंड फारसं पाहिलं नाही. अठराव्या वर्षी विजेच्या खांबांचे खड्डे खोदायला रोजंदारीवर लागलो, खड्ड्यातून खांबावर चढलो, आणि कायम झालो तेव्हा अमरावती जिल्ह्यात येऊन पडलो. नोकरीचा इतिहास एवढाच. बाकीचं सरकारी कागदात आहे, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. दिवाळी अंकवाल्या मंडळींनी जमेल तसं लिहा म्हटलं, म्हणून मी लिहिलं आणि पुतणीनं ऱ्हस्वदीर्घ नीट केलं. 'शब्द नको बदलू,' एवढं तिला बजावलं होतं.

लाईट गेली की लोकांना दोघांची आठवण येते, एक देव आणि दुसरा लाईनमन. देवाला कोणी शिव्या देत नाही. माझा फोन नंबर पंचक्रोशीत सगळ्यांकडं होता. एका गावची आजीबाई लाईट गेली की फोन करून विचारायची, तुमच्याकडं आहे का लाईट? आहे म्हटलं की म्हणायची, 'मंग माह्या घरची काढून तिकडं काहून नेली बापा?' तिला मी कधीच समजावू शकलो नाही. शेवटी शेवटी मीच म्हणायला लागलो, आजी, आणून देतो संध्याकाळपर्यंत. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं. एकदा तिनं त्याबद्दल मला कैऱ्यांची पिशवी दिली होती.

आता काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. लाईन बिघडली की आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून ती बंद करून घ्यायची. याला आम्ही परमिट घेणं म्हणतो. मग तारेला साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, म्हणजे चुकून कुठून करंट आलाच तर त्यानं मातीत जावं. त्यानंतर एकानं कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायचं आणि एकानं खाली उभं राहायचं. बघणारे वरच्याकडं बघतात. खालचा त्यांना रिकामा दिसतो. एक जण काम करते अन् दुसरा पगार घेते, असं आम्हाला किती लोक ऐकवून गेले त्याचा हिशेब नाही.

खरं तर खालचं काम जास्त अवघड. वऱ्हाडातल्या उन्हात तुम्ही वर तोंड करून किती वेळ उभे राहाल? मान मोडते, डोळ्यांपुढं काळं-पिवळं होते. म्हणून आमच्या गँगमधे एक रीत होती, माझ्या आधीच्या लोकांपासून चालत आलेली. खालच्यानं बोलत राहायचं आणि वरच्यानं हुंकार द्यायचा. लहान लेकरं गोष्ट ऐकताना 'हं, मंग?' म्हणतात, तसाच. वरच्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, कधी दातांत तारेचा तुकडा असतो. त्याला बोलता येत नाही, पण 'हं' म्हणता येतं. खालच्याचे डोळे उन्हात कामाचे नाहीत, पण कान शाबूत असतात. 'हं' येत राहिला म्हणजे वर सगळं ठीक आहे. चक्कर आली, हातपाय गळाले, गांधीलमाशी डसली, की सगळ्यात आधी हुंकार जातो.

त्यामुळं चांगला खालचा माणूस तोच, ज्याच्याजवळ गोष्टी भरपूर. आणि गोष्टींच्या बाबतीत मी कोणाला हार गेलो नाही.

बबन माझा जोडीदार. अंजनगाव सुर्जीचा. घरचा पानमळा होता, पण याला पानं खुडण्यापेक्षा तारा जोडणं आवडलं. कितीतरी वर्षं आम्ही जोडीनं काम केलं. बहुतेक वेळा तो वर आणि मी खाली, कारण मला गोष्टी येत होत्या आणि त्याचे गुडघे चांगले होते. तो माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, पण मला 'किसना' म्हणायचा आणि मीही ते चालवून घ्यायचो. दुसऱ्या कोणाचं चालवून घेतलं नसतं.

त्या वर्षी भर लग्नसराईत एका गावाची लाईन गेली. आम्ही परमिट घेतलं, साखळी टाकली, बबन वर चढला. मी मामाची गोष्ट लावली. माझा मामा अकोल्याला पोरगी पाहायला गेला तो मेव्हण्याचे बूट घालून. बूट बोटभर लहान. लंगडत लंगडत पोहोचला, ओसरीत बूट काढले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत पडली. आता निघायची वेळ झाली. मामा ओसरीत आला, बुटात पाय घालायला गेला, तर पाय सुजून ढोल झालेला. सगळे पाहुणे दारात उभे. 'मंग मामानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं...' इथवर मी आलो. वरून हुंकार आला नाही.

मी वाट पाहत बसलो नाही. लगेच वर पाहिलं. बबन पट्ट्याला लटकला होता, मान खाली. फोनवर ऑपरेटरला विचारलं, तो म्हणाला लाईन बंदच आहे. तेवढ्यात लग्नघराकडून जनरेटरची घरघर कानावर आली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लाईट गेली म्हणून त्यांनी जनरेटर लावलं होतं, घरचं मेन स्विच पाडायचं राहून गेलं होतं, आणि करंट उलटा, साखळी नसलेल्या बाजूनं, आमच्या तारेवर आला होता. मी धावत जाऊन ते बंद केलं, परत आलो, चढलो, आणि गावातल्या दोन गड्यांच्या मदतीनं दोरानं बबनला खाली उतरवला. साखळी टाकलेली होती म्हणून जीव वाचला, असं पुढं चौकशीवाले म्हणाले. उजवा हात मात्र कोपराच्या वरून काढावा लागला.

आमच्या लोकांनी त्या दिवसांत जे केलं ते मी विसरणार नाही. अमरावतीच्या दवाखान्यात बबनजवळ पाळीपाळीनं माणसं बसली. त्याच्या घरी डबा जात होता, माझ्याही घरी जात होता, जसं काही मलाच लागलं. जो येईल तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, किसनभाऊ, तुमची काही चूक नाही. मलाही ते माहीत होतं. चूक नव्हतीच. पण चूक नाही हे माहीत असलेल्या माणसाला झोप लागते असं थोडीच आहे?

आठवड्यानं मी कामावर गेलो. दुसरा एक जण खांबावर चढला, मी खाली उभा राहिलो. नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटली. गोष्टी सगळ्या आठवत होत्या. शब्द बाहेर येत नव्हते. छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं, वरच्याला ऐकू जाईल. मी त्याला ओरडून खाली बोलावलं. म्हटलं, उतर बावा, तुह्यं काम बरोबर नाही, मी चढतो. त्याचं काम एकदम बरोबर होतं.

त्या दिवसापासून मी खाली उभा राहिलो नाही. खांब कोणताही असो, मीच चढायचो. उन्हात, वाऱ्यात, गुडघे दुखत असताना, ताप असताना. लोक म्हणाले, पाहा, जोडीदाराचा हात गेला पण भाऊ घाबरला नाही. वाघ आहे वाघ. पुढच्या प्रजासत्ताकदिनाला साहेबांच्या हातून मला शाल आणि नारळ मिळालं. ती शाल अजून आहे घरी. मी एकदाही अंगावर घेतली नाही.

खांबावर चढायची भीती वाटते, असं कोणी म्हटलं तर लोकांना समजतं. आमच्यात तसे एक-दोन जण होते, त्यांना ऑफिसात बसवलं, कोणी नावं ठेवली नाहीत. पण खाली जमिनीवर, चप्पल घालून, सुरक्षित उभं राहायची भीती वाटते, हे मी कोणाला सांगणार होतो? मी, ज्याची जीभ कधी थांबत नव्हती. आणि सांगायचं म्हटलं तरी ज्याला सांगावं तो एकच माणूस होता, आणि तो अंजनगावला गेला होता. त्याला भेटायला मी दोनदा अमरावतीच्या बसस्टँडवर गेलो. एकदा तर बसमधे बसलोही. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि मी उतरलो. त्याला म्हटलं, चुकीची गाडी आहे.

घरी वेगळंच सुरू झालं होतं. सुमन, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरात असायची आणि मी बाहेरच्या खोलीत. आतला आवाज थांबला की मला राहवत नव्हतं. मिक्सर बंद झाला, नळ बंद झाला, की मी हाक मारायचो, काय करून राहिली? ती म्हणायची, भाकरी थापून राहिली. दोन मिनिटांनी पुन्हा, काय करून राहिली? एखादी बाई चिडली असती. ती चिडली नाही. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की सुमन भांड्यांशी बोलायला लागली आहे. 'अगं बाई, तुले आताच गळाचं होतं का,' असं चाळणीला म्हणायची. दुधाला रागवायची, कुकरला समजावायची. सारखं काही ना काही. मला वाटलं, वय झालं हिचं. शेजाऱ्यांपुढं मी हसूनही सांगितलं, आमची मंडळी गंज-पातेल्यांशी गप्पा मारते म्हणून. तीही हसली होती.

हिवाळ्यात कामगारांच्या मनावरच्या ताणाचं एक शिबिर झालं. अमरावतीहून एक बाई आल्या होत्या, मनाचे ताण समजावणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. आता पहाटेपासून लायनीवर फिरलेली माणसं, डोळे मिटल्यावर काय करणार? दोघं घोरायला लागले. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, झोपू द्या, त्यांना त्याचीच गरज असेल. मला त्या माणूस म्हणून आवडल्या. मग त्यांनी एकेकाला विचारलं की अडचण आली तर कोणाशी बोलता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, सगळ्यांशी बोलतो, बोलण्यात आपण मागं नाही. सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, 'शेवटचं कोणाजवळ काय सांगितलं, आठवतं का काका?' मी आठवलं. आठवतच राहिलो. त्या पुढच्याकडं गेल्या, पण तो प्रश्न माझ्याकडंच राहिला.

त्याच सुमारास वर्षा आली. तिवस्याची पोरगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आयटीआय झालेली. बाप बाजार समितीत हमाल. आमच्या ऑफिसात खांबावर चढणारी पहिलीच बाई. पहिल्या दिवशी स्वतःचा पट्टा खांद्यावर टाकून आली. साहेबांनी तिला माझ्यासोबत दिलं, म्हणाले, किसनराव, तुमच्याइतकं दुसरं कोणी शिकवणार नाही. खांबाशी पोहोचलो, तिनं पट्टा बांधला, आणि मी म्हटलं, सोड तो पट्टा, मी चढतो.

पहिल्या दिवशी तिनं पट्टा सोडला. दुसऱ्या दिवशीही मीच चढलो. महिना गेला, पावसाळा आला आणि गेला, ती खाली उभी राहून मला पक्कड देते आहे, दोर देते आहे. खाली उभं राहून बोलायचंही तिनं शिकून घेतलं होतं, आणि चांगलं बोलायची. मी वरून हुंकार देत होतो. पण तिला चढू देत नव्हतो.

एकदा चहा पिताना तिनं सरळ विचारलं. 'काका, बाई हाये म्हणून चढू देत नाही का मले?'

खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर तेव्हाच मिटलं असतं. पण माझा ताठा आडवा आला. मी म्हटलं, समज तसंच. मला जुन्या डोक्याचा म्हातारा म्हटलेलं चालत होतं. घाबरट म्हटलेलं चालत नव्हतं.

ती साहेबांकडं गेली. तिची चूक नव्हती. तिचं कायम होणं वर्षअखेरच्या शेऱ्यावर होतं, आणि वर्षभर खांबावर न चढलेल्या पोरीबद्दल कोणता साहेब चांगलं लिहिणार? साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, तिला काम येत नाही असं लिहून देता का? मी म्हटलं, येते. मग चढू का देत नाही? मी परमिटच्या वहीचा विषय काढला. साहेब भला माणूस होता. त्यानं सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत पाहतो, नाहीतर तिला बिलाच्या टेबलावर बसवावं लागेल. मी घरी आलो तर जेवण गेलं नाही. एका पोरीच्या कपाळी टेबल मी लिहीत होतो, आणि मला कळत असून थांबवता येत नव्हतं.

मे महिन्यात वादळ झालं. झाडं पडली, तारा तुटल्या, सगळी माणसं चारी दिशांना गेली. मी आणि वर्षा एका गावच्या लायनीवर होतो. गावाला पाणी चढवणारी मोटार त्याच लायनीवर, गाव आदल्या दिवसापासून कोरडं. सरपंचाचे फोनवर फोन. आम्ही परमिट घेतलं, यावेळी दोन्ही बाजूंनी साखळ्या टाकल्या, गावात दवंडीसारखं ओरडून सगळी जनरेटरं बंद करवली. मी पट्टा बांधला आणि चढायला लागलो.

अर्ध्यात गेलो आणि उजवा गुडघा अडकला. दुखणं जुनंच होतं, पण त्या दिवशी पाय वाकेचना. वर जाता येईना, खाली येता येईना. वर्षा खालून एकेक पाय कुठं ठेवायचा ते सांगत गेली आणि मी कसाबसा उतरलो. घामानं निथळत मातीत बसलो. दुसरा माणूस यायला दुपार झाली असती.

वर्षानं काही विचारलं नाही. पट्टा बांधला, चढली. तिचं चढणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सफाईदार होतं. घाई नाही, दिखावा नाही, प्रत्येक पावलाला खांब तपासून. मी उठून उभा राहिलो. खाली उभा राहिलो.

आता बोलायला पाहिजे होतं. जीभ पुन्हा टाळूला चिकटली. तीच घरघर कानात सुरू झाली, जी तिथं नव्हतीच. वर पाहावं तर ऊन डोळ्यांत. मी खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

वरून तिचा आवाज आला. 'काका?'

मी खांब आणखी घट्ट धरला.

'काका, बोला ना. गप काहून उभे हा?'

मला 'अं'सुद्धा म्हणता आलं नाही. तिनं वर तार ओढून धरली. मग म्हणाली, 'ठीक हाये. तुमी नाही बोलत तं मी बोलतो. आता ऐकून घ्या सगळं.'

आणि तिनं सुरुवात केली. आमच्याकडं असं कधी झालं नव्हतं, वरच्यानं बोलायचं आणि खालच्यानं ऐकायचं. हातानं तार ओढत, मधेच दम घेत ती मला झाडत होती. पहिल्या दिवशी मी पट्टा सोड म्हटलं तेव्हापासून धरलं. तिचा बाप बाजारात सगळ्यांना सांगतो की माझी पोरगी खांबावर चढते, आणि लोक तिला विचारतात, आज कोणत्या खांबावर होती? मग तिला खोटंच नाव सांगावं लागतं कोणत्या तरी गावाचं. ऑफिसातल्या बायांमधे तिनं मला काय नाव ठेवलं होतं तेही सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुमच्यासारखे खडूस म्हातारे रिटायर होईपर्यंत आमच्यासारख्यांनी पक्कड देत, नाहीतर बिलाच्या टेबलावर बसायचं का, असं विचारलं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला ऐकायला थांबला होता.

'ऐकून राहिले ना काका?'

आणि माझ्या तोंडातून निघालं, 'हं.'

एकदा निघालं तसं निघत राहिलं. ती एक वाक्य बोलायची, मी 'हं' म्हणायचो. जोवर ती रागावून राहिली होती तोवर ती शाबूत होती. आयुष्यात शिव्या ऐकायला इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. कानातली घरघर कमी झाली. खांबावरचे हात सुटले. मधे ती बोलायची थांबली, जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, कसत होती, तर मीच म्हटलं, 'मंग? बिलाच्या टेबलाचं काय म्हणत होती?' ती वरून हसली. मग पुन्हा सुरू झाली.

काम झालं, ती उतरली. मी परमिट परत केलं. गावात मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, पोरं ओरडली. आम्ही बाभळीखाली बसलो आणि पाणी प्यायलो. मी म्हटलं, 'तू बाई हायेस म्हणून नाही अडवलं तुले.'

'मंग?'

'मले खाली उभं राह्यता येत नाही. बबनचा हात गेला तेव्हापासून.'

तिनं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, 'सांगाचं ना काका मंग. मी वर्षभर हेच पाहत राह्यली का माह्यात काय कमी हाये.'

तिचं बरोबर होतं. तिनंही जास्त ताणलं नाही. एवढंच विचारलं की बबनकाकांना भेटलात का. मी बसस्टँडची गोष्ट सांगितली, कंडक्टरला काय म्हटलं तेही. तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. म्हणाली, 'उद्या जा. लाईन मी पाहतो.'

साहेबांना मी तिथूनच फोन केला. वर्षा चढली, काम चोख केलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. आणि उद्याची सुट्टी मागितली. मी सुट्टी मागतो आहे यावर त्यांचा आधी विश्वास बसला नाही. वर्षा पुढं कायम झाली. आता ती दुसऱ्या सेक्शनला आहे आणि नवीन पोरांना शिकवते. तिच्या गँगमधे वरचाही बोलतो आणि खालचाही, असं ऐकून आहे.

संध्याकाळी घरी गेलो. सुमन आत कणकेला काहीतरी सुनावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाटावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, आता मला ऐकू यावं म्हणून भांड्यांशी नको बोलत जाऊ, थकत असशील. तिनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

'काहो, मले वाटलं तुमाले समजलंच नाही,' ती म्हणाली. आणि पुन्हा लाटायला लागली, यावेळी न बोलता. मी तिथंच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर्यापूरवरून जाणारी पहिली गाडी धरली. कंडक्टर आला तसं त्यानं विचारायच्या आधीच म्हटलं, अंजनगाव सुर्जी. बबन पानमळ्याच्या कडेला पोत्यावर बसला होता. समोर पानांचा ढीग. डाव्या हातानं एकेक पान उचलून मांडीवर सरळ करत होता आणि चवड लावत होता. मला पाहून उठला नाही.

'आला का लेका,' म्हणाला. 'लई उशीर केला.'

'हो.'

'गुडघे कसे हायेत?'

'गेले.'

'माह्ये चांगले हायेत,' तो म्हणाला. 'पण आता कोण चढते?'

यावर दोघंही हसलो. हसणं संपलं. वाटेनं मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, सगळं गेलं. बबन पानं लावत राहिला. वेलींतून पाण्याचा पाट वाहत होता. तो मान वर न करता म्हणाला, 'हं. मंग?'

'काय मंग?'

'मामानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग?'

मी त्याच्याकडं पाहतच राहिलो. म्हटलं, तुला अजून ध्यानात आहे? तो म्हणाला, दवाखान्यात पडल्या पडल्या तेच ध्यानात यायचं, मामा ओसरीत उभा आहे आणि बूट जात नाही. 'शेवट माहीत हाये रे मले,' तो म्हणाला. 'ती गोष्ट तू आधी दोनदा सांगितली व्हती. पण अर्धी सोडलेली डोक्यात फिरून राह्यते. पुरी कर.'

मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. पानांचा थोडा ढीग माझ्याकडं ओढला, एक पान मांडीवर सरळ केलं आणि गोष्ट धरली. मंग मामानं दोन्ही बूट बगलेत मारले, पोरीच्या बापासमोर हात जोडले आणि म्हणाला, ज्या घरची लक्ष्मी न्यायची, त्या घरच्या अंगणात मी बूट घालत नाही.

'हं,' बबन म्हणाला.